छोट्या एसयूव्हीची उंची

चिपळूण

चि. मुक्ता,


छोटी एसयूव्ही घ्यायचं तुझ्या मनात आहे आणि जावईबापू म्हणतात, त्याहून कमी पैशात चांगली हॅचबॅक येते. त्यांचा हिशोब बरोबर आहे. तरी मी तुझ्या बाजूने आहे, आणि त्याला कारण तुझी आई. ताईचे गुडघे आता खाली वाकून गाडीत शिरण्याजोगे राहिले नाहीत. उंच सीटवर ती सरळ टेकते, मग पाय आत घेते. उतरताना कुणाचा हात लागत नाही. हे सुख मी पैशात मोजणार नाही.

दुसरं कारण रस्त्यांचं. ब्रेझाचं पोट जमिनीपासून १९८ मिलिमीटरवर, नेक्सॉनचं २०८ वर, हॅचबॅक स्विफ्टचं १६३ वर. फरक दोन-अडीच बोटांचाच, पण पाच माणसं आणि सामान भरून कुंभार्ली घाटातून पावसाळ्यात खाली आलीस की तो कळतो.

मात्र या उंचीवर किती विसंबायचं, ते नीट समजून घे. ब्रेझा आणि नेक्सॉन या दोन्ही छोट्या एसयूव्ही पुढच्या चाकांवर चालतात. चिखलात रुतल्या की हॅचबॅकसारख्याच रुतून बसतात. चारही चाकांना जोर हवा तर जिम्नी किंवा थार घ्यावी लागेल, आणि थारच्या मागच्या सीटवर ताईला चढवणं कुणालाच जमणार नाही.

पाण्याचं तर फार मनावर घे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी गावात शिरली, तेव्हा इथे उंच गाड्याही बुडाल्या. हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टनला ते दाबता येत नाही, रॉड वाकतो आणि इंजिन जागीच संपतं. वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी गाडी ढकलली जाऊ शकते. फरशीवरून पाणी जात असेल तर थांब. किती का वेळ जाईना, थांब.

डिकी लहान का, असं तू विचारलं होतंस. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क उतरलं. तेव्हापासून कंपन्या लांबी त्या रेषेच्या आत बसवतात. ब्रेझा ३९९५ मिलिमीटर आहे. सप्टेंबर २०२५ पासून लांबी आणि इंजिन दोन्ही मर्यादेत असलेल्या गाड्यांना १८ टक्के जीएसटी आहे, मोठ्यांना ४०. म्हणजे छोटी एसयूव्ही बाहेरून भरदार दिसली तरी आतली जागा बेताचीच. वळणावर ती हॅचबॅकपेक्षा जास्त झुकते, पेट्रोलही थोडं जास्त पिते. त्याची सवय होते.

मला खरी काळजी वाटते ती उंच बॉनेटची. त्याच्या अगदी पुढ्यात उभं राहिलेलं लहान मूल चालवणाऱ्याला दिसत नाही, आणि मागचा कॅमेरा तिथे कामाचा नाही. तुमच्या सोसायटीत मुलं गाड्यांमधूनच खेळतात. गाडी सुरू करण्याआधी पुढून एक फेरी मारत जा. जावईबापूंनाही सांग.

शोरूमला जाशील तेव्हा ताईला आणि दोन्ही मुलांना ने. तिघांना मागे बसवून चक्कर मारून ये. मधल्या सीटला खांद्यावरून येणारा पट्टा आहे का, तेही बघ. कमरेपुरताच असेल तर ते मॉडेल घेऊ नकोस. रंग मुलांना ठरवू दे.

तुझा,
मामा