खोऱ्यात शिरताना

“सायकलसाठी एखादा शांत रस्ता सुचवा ना,” असं कुणी म्हणालं की मी आधी उलट विचारते, ट्रकला जिथं काही काम नाही अशी जागा तुम्हाला ठाऊक आहे का? रस्ता डोंगरामुळे शांत होत नाही आणि झाडीमुळे तर नाहीच. ताम्हिणी घाटात दोन्ही भरपूर आहेत. पण पावसाळ्यातल्या रविवारी तिथं सायकल काढली, तर मोटारींच्या रांगेतून वाट काढण्यातच सकाळ जाते. ताम्हिणीच्या पलीकडे कोकण आहे, म्हणून सगळे त्या रस्त्यानं जातात. शांत रस्ता हवा तर तो फारसा कुठं जाणारा नसावा.

पुण्याच्या नैर्ऋत्येला असे रस्ते शोधायचे तर बारा मावळांची यादी मोबाइलवरच्या नकाशापेक्षा जास्त उपयोगी पडते. मोसे खोरं, गुंजण मावळ, कानद खोरं, वेळवंड, हिर्डस मावळ. यातली बरीचशी नावं नद्यांवरून आली आहेत. सह्याद्रीच्या धारेपासून पूर्वेकडे डोंगररांगा उतरत जातात, दोन रांगांच्या मध्ये एक नदी वाहते आणि पश्चिमेचं टोक कड्यानं बंद होतं. देशमुखांची वतनं या हिशेबानंच वाटलेली होती. अशा खोऱ्यात पूर्वेच्या तोंडानं शिरायचं, आणि खिंड ओलांडायची तयारी नसेल तर आल्या वाटेनं परतायचं. आत जाणारा माणूस एकतर तिथं राहणारा असतो किंवा वाट चुकलेला. तिसरे आम्ही.

यातलं वेळवंडीचं खोरं मला सगळ्यात जवळचं. भोरच्या अलीकडे या नदीवर भाटघरचं दगडी धरण आहे, 1920च्या दशकातलं. इंग्रजांनी त्याला गव्हर्नर लॉईडचं नाव दिलं होतं. आज जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे. येसाजी याच खोऱ्यातल्या भुतोंड्याचे. धरण भरलं की पाणी खोऱ्यात मैलोगणती आत शिरतं आणि रस्ता त्याच्या कडेकडेनं जातो. तालुक्यात त्याला सरळ रिंगरोड म्हणतात. शहरातल्या माणसाला या शब्दानं उड्डाणपूल आठवतात. इथं मात्र जेमतेम एका एसटीच्या रुंदीचं डांबर असतं आणि समोरून म्हैस आली की दोघांपैकी एकाला थांबावं लागतं. बहुधा मीच थांबते.

या रस्त्याला स्वतःची एक लय आहे आणि ती पायांना कळावी लागते. डोंगराच्या दोन सोंडांमध्ये एक ओढा असतो आणि त्या ओढ्यात धरणाचं पाणी बोटासारखं आत घुसलेलं असतं. रस्ता सोंडेवरून उतरतो, ओढ्याच्या पोटात शिरतो, मोरी ओलांडून वळतो आणि समोरच्या सोंडेवर चढतो. तिथं क्षणभर सगळं पाणी दिसतं, वर राजगडाची बाजू दिसते, की पुन्हा उतार. पाण्यावरून हाकेच्या अंतरावर असलेली वाडी गाठायला अशा दोन-तीन फेऱ्या होतात. पाण्याची कड म्हणजे जमिनीवर खरोखर उमटलेली समोच्च रेषा. रस्ता तिला चिकटून गेला असता तर सपाट झाला असता, पण तेवढं लांबण लावायला पैसे कोण देणार? म्हणून तो सोंड आडवी कापतो आणि चढउतार आपल्या गुडघ्यांच्या वाट्याला येतात. नवखे लोक उतारावर पायडल मारणं सोडून देतात आणि मोरीवर वेग संपला की खालच्या गिअरसाठी धडपडतात. गिअर मोरीच्या आधीच, उतरता उतरता बदलावा. पुढं 34 दाते आणि मागंही 34 अशी सोय असली, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाकाची एक फेरी होते. या खोऱ्यात तेवढ्यावर भागतं. मग चढ कसा का असेना, माणूस बोलत बोलत चढतो.

चढ आधीच ओळखायचा असेल तर सर्व्हे ऑफ इंडियाचा 1:50,000 मापाचा नकाशा घ्यावा. त्यात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर आणि दोन समोच्च रेषांमध्ये 20 मीटरची उंची. दोन सेंटिमीटर रस्त्यानं पाच रेषा छेदल्या तर किलोमीटरला शंभर मीटर, म्हणजे दहा टक्के चढ. पाच मोजल्या की मी दुसरी वाट बघते. मोबाइलचा नकाशा जवळचा रस्ता दाखवतो, आणि डोंगरात जवळचा रस्ता म्हणजे उभा रस्ता. बैलगाडीच्या हिशेबानं आखलेले जुने घाट सायकलला मानवतात. बैल जे ओढू शकतो ते माणसालाही झेपतं, म्हणून तिथला चढ वीस फुटांना एक फूट याच्या आसपास ठेवलेला असतो. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना 2000 साली सुरू झाली आणि वाड्यावस्त्यांपर्यंत डांबर पोहोचलं, पण ते पूर्वीच्या पायवाटेवरूनच. पायवाट नाकासमोर चढते, तसा हा रस्ताही चढतो. डांबर नवंकोरं दिसलं की मी सावध होते.

या खोऱ्यातली शांतता फुकट आलेली नाही. नदीकाठची सपाट वाट आणि भाताची चांगली खाचरं पाण्याखाली गेली, म्हणून आजचा रस्ता डोंगराच्या अंगावर आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की कांबऱ्याजवळचं कांबरेश्वराचं जुनं देऊळ उघडं पडतं. धरणातून सोडलेलं पाणी वेळवंडीतून नीरेत आणि पुढं वीर धरणापाशी कालव्यांत जातं. त्यावर बारामती, फलटण, इंदापूर, माळशिरसचा ऊस पोसला जातो. आणि मार्चनंतर याच जलाशयाच्या काठच्या वाड्यांतल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन चढ चढताना दिसतात. तिकडे मोसे खोऱ्यातल्या वरसगावच्या जलाशयाला बाजी पासलकरांचं नाव दिलं आहे. ज्यांच्या खोऱ्यात पाणी कोंडलं त्यांचंच नाव पाण्याला द्यायचं, ही आपली सरकारी कृतज्ञता.

एकदा वेळवंडच्या पुढं एका फाट्यावर एक आजी एसटीची वाट बघत बसल्या होत्या. मी पाणी प्यायला थांबले तर म्हणाल्या, “कुठनं आलीस गं?” पुण्याहून, म्हटलं. सायकलीकडे त्यांनी खालीवर बघितलं. “का? एष्टी बंद हाय का?” मी हौस म्हणून आले आहे हे सांगायला मला जमेना. त्यांना भोरच्या दवाखान्यात जायचं होतं आणि सकाळची गाडी चुकली की पुढचा भरवसा नव्हता. ज्या रिकाम्या रस्त्याचं मी पुण्यात कौतुक करत होते, त्याच रिकाम्या रस्त्याकडे त्या तासभर डोळे लावून बसल्या होत्या. तेव्हापासून ‘अनछुआ रस्ता’ वगैरे भाषा माझ्या तोंडी येत नाही. तिथं उद्या पूल झाला, गाड्या वाढल्या, तर मी दुसरं खोरं शोधीन. तक्रार करायचा हक्क मला नाही.

वेळेचं म्हणाल तर सकाळी मुक्कामी एसटी खोऱ्यातून बाहेर पडते, तेव्हा आंधळ्या वळणावर डाव्या अंगाला राहावं. आषाढात चिखलणी करून आलेल्या ट्रॅक्टरची केजव्हील डांबर खरवडून जातात आणि मागं चिखलाचे पट्टे सोडतात. झाडाखालच्या शेवाळापेक्षा त्यांवरून जास्त घसरायला होतं. मला विचाराल तर भात पिकायला लागल्यापासून कापणीपर्यंतचे दिवस उत्तम. धरण भरलेलं असतं, हवा कोरडी होत आलेली असते आणि गावात कुणाला आपल्याकडे बघायला वेळ नसतो.

मन भरलं नाही तर शेजारचं हिर्डोशी खोरं आहेच. हिर्डस मावळ ते हेच. इथं नीरा-देवघर धरणाच्या काठानं रस्ता शिरगावकडे चढत जातो. नीरा इथंच उगम पावते. इथून पूर्वेला गेलेलं पाणी भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला मिळतं आणि पुढच्याच कड्यावरून पश्चिमेला घसरलेलं पाणी सावित्रीतून अरबी समुद्रात जातं. हे खोरं मात्र टोकाला बंद नाही. वरंधा घाट ते फोडून महाडला उतरतो. तरी वाहतूक बेताची, कारण अरुंद रस्ता आणि पावसाळ्यातल्या दरडी. घाट बंद असल्याची नोटीस लागली की ती सायकललाही लागू आहे असं समजावं; दरड चाकं मोजून पडत नाही.

बहुतेक जण भोरहून निघून वरंधा उतरतात. मी उलटं सांगेन. उतरताना हाताचे पंजे ब्रेकवर आखडतात, डोळे खड्ड्यांवर खिळतात आणि कोकणच्या दमट हवेत येऊन पडलं की पुढं महामार्गाची धूळ. महाडला मुक्काम करून पहाटे बिरवाडीवरून निघावं. शिवथरघळीचा फाटा सोडला की माझेरीपासून चढ लागतो, जुन्या आखणीचा, कुठंही अंगावर न येणारा, आणि घाट पश्चिमेच्या उतारावर असल्यामुळे सकाळी बराच वेळ सावलीतला. माथ्याजवळ कावळ्या किल्ल्याचा डोंगर कापून रस्ता पलीकडे निघतो. वाघजाईच्या देवळापाशी भज्यांच्या टपऱ्या आहेत. भजी दोन प्लेट घ्यावीत, पण टपरीच्या आत बसूनच खावीत. तिथल्या माकडांना सायकलच्या हँडलवरची पिशवी उघडता येते, तिची चेन लावलेली असली तरी. पुढं भोरपर्यंत एकंदर उतारच आहे, तेव्हा तिसऱ्या प्लेटचा विचार करायलाही हरकत नाही.