छत्तीस वर्षांनंतरचे उड्डाण

विमानवाहू नौकेचा डेक, पहाटेचा तांबूस उजेड, वाफेच्या पडद्यातून हातवारे करणाऱ्या आकृती आणि दूरच्या घंटेसारखे ठोके देत हळूहळू चढत जाणारे संगीत. २०२२ साली प्रदर्शित झालेल्या 'टॉप गन : मॅव्हरिक' या चित्रपटाचा हा प्रारंभ १९८६ सालच्या 'टॉप गन'च्या प्रारंभाची जवळजवळ हुबेहूब पुनरावृत्ती आहे. पडद्यावर उमटणारे निवेदन जवळपास तेच, हॅरॉल्ड फॉल्टरमायरची धून तीच आणि विमाने झेपावू लागताच सुरू होणारे केनी लॉगिन्सचे गाणेही तेच. एरवी अशा पुनरावृत्तीला समीक्षक आळस म्हणतील, आणि पुष्कळदा तो आळसच असतो. परंतु विशीत पहिला चित्रपट पाहिलेला आणि आता साठीकडे झुकलेला प्रेक्षक या क्षणी खुर्चीत सावरून बसतो, त्याचे कारण निराळे आहे. शाकुंतलातील अंगठी मिळते तेव्हा दुष्यंताला काही नवे समजत नाही. जे त्याचेच होते आणि हरवले आहे याचीही जाणीव उरली नव्हती, ते परत हाती येते. संस्कृत परंपरेने या अनुभवाला प्रत्यभिज्ञा असे नाव दिले आहे. एका धंदेवाईक अमेरिकी युद्धपटासाठी हा शब्द वापरणे काहींना अतिरेकाचे वाटेल. पण अंधारात त्या प्रेक्षकाचे जे होते, त्याला याहून नेमका शब्द सापडत नाही.

ज्याची ओळख पटते तो पहिला चित्रपट मात्र फारसा थोर नव्हता. व्हिएतनाम युद्धात हवाई लढतींमधील यश घटल्यामुळे अमेरिकी नौदलाने १९६९ साली कॅलिफोर्नियातील मिरामार येथे वैमानिकांसाठी एक विशेष प्रशाला काढली. तिच्यावरील १९८३ सालच्या एका मासिक-लेखातून निर्माते डॉन सिम्पसन व जेरी ब्रूकहायमर यांना विषय मिळाला. दिग्दर्शक टोनी स्कॉट जाहिरातपटांच्या क्षेत्रातून आलेला. त्यामुळे सूर्यास्त, घाम, गॉगल, मोटारसायकल आणि एफ-१४ टॉमकॅट विमाने या सर्वांना त्याने सारखीच झळाळी दिली. कथा इतकी विरळ की तिच्यातून पलीकडचे दिसावे. बेदरकार मॅव्हरिक, त्याचा जिवलग सहकारी गूस, गूसचा अपघाती मृत्यू, प्रतिस्पर्धी आइसमन आणि अखेरीस देशाचेही नाव नसलेल्या शत्रूवर विजय. त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक कमाई याच चित्रपटाने केली, आणि नौदलाने काही चित्रपटगृहांबाहेर भरतीची टेबले मांडली. हा तपशील विसरून त्या चित्रपटाविषयी बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. तरीही विशीतल्या तरुणाला त्याने जे दिले ते भरतीच्या अर्जात मावणारे नव्हते. गती ही एक भावना असू शकते, एवढेच त्याने दिले.

मराठी प्रेक्षकाला आकाशातील गतीची भाषा सर्वस्वी परकी नव्हती. मिग-२१ विमाने नाशिकजवळच्या ओझर येथील कारखान्यात तयार होत होती. लोहगावच्या तळावरून उठणाऱ्या विमानांचा आवाज पुण्याच्या पूर्व भागात नित्याचा होता. 'टॉप गन'च्या चार वर्षे आधी, १९८२ साली, शशी कपूर यांची निर्मिती असलेला आणि गोविंद निहलानींनी दिग्दर्शित केलेला 'विजेता' येऊन गेला होता. त्याची पटकथा 'एकूण कविता'चे कवी दिलीप चित्रे यांची. मराठी आई आणि पंजाबी वडील यांच्या विसंवादात घुसमटलेला एक मुलगा मिग-२१ चालवू लागतो, ही त्याची कथा. 'विजेता'तील आकाश विचार करावयास लावणारे होते. 'टॉप गन'मधले आकाश विचार सोडून देण्यास सांगत होते. विशीत कोणते आकाश अधिक जवळचे वाटले असेल, हे वेगळे सांगावयास नको.

दुसऱ्या चित्रपटाकडे वळताना त्याचा उशीरही ध्यानात घ्यावा लागतो. चित्रीकरण २०१८-१९ मध्ये झाले. महामारीमुळे प्रदर्शन पुनःपुन्हा लांबले. घरच्या पडद्यावर तो दाखवावा, हा मार्ग निर्मात्यांनी पत्करला नाही, आणि अखेर मे २०२२ मध्ये तो चित्रपटगृहांत आला. महाराष्ट्रातील चित्रपटगृहे दीर्घ बंदीनंतर ऑक्टोबर २०२१ मध्येच पुन्हा उघडली होती. अनोळखी माणसांच्या शेजारी बसून एकाच वेळी श्वास रोखण्याची सवय सुटलेल्या प्रेक्षकाला ती सवय परत लावणारा हा चित्रपट ठरला. त्याच्या आनंदातील काही वाटा चित्रपटाचा नसून सभागृहाचा होता, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

दिग्दर्शक जोसेफ कोसिन्स्की आणि छायालेखक क्लाउडिओ मिरांडा यांनी दोन आसनी एफ-१८ विमानांच्या कॉकपिटमध्ये सहा कॅमेरे बसविले. पुढच्या आसनावर नौदलाचा वैमानिक, मागच्या आसनावर नट. दिग्दर्शक जमिनीवर, कॅमेरा सुरू करण्यापासून चेहऱ्यावरील रंगरंगोटी नीट करण्यापर्यंतची कामे नटानेच करावयाची. १९८६ साली कॉकपिटमधील नटांची दृश्ये बहुतांशी जमिनीवरच घेतली गेली होती. येथे विमान वळते तेव्हा गुरुत्वाकर्षणाच्या कित्येक पट भार शरीरावर येतो, गालाचे मांस खाली ओढले जाते, पापण्या जड होतात, शब्द घशातच अडकतो. याला अभिनय म्हणावे काय? नाट्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर सात्त्विक भाव येथे यंत्राने उत्पन्न केले आहेत. परिणाम मात्र निर्विवाद आहे. प्रेक्षकाची बोटे खुर्चीच्या हातांवर आवळली जातात.

न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या अनुभवात शिरतो आणि त्याच वेळी स्वतःचे भानही राखतो, या दुहेरी अवस्थेत वाङ्मयाचा आनंद आहे, असे तिचे सार. ही कल्पना पुढे पुष्कळ झोडपली गेली. परंतु दरीच्या भिंतींना जवळजवळ चाटत जाणाऱ्या विमानात मनाने बसलेला आणि तरीही दुखऱ्या गुडघ्यामुळे पाय लांब करू पाहणारा तो प्रेक्षक पाहिला म्हणजे तात्यासाहेब केळकरांना निदान या एका उदाहरणापुरता न्याय द्यावासा वाटतो.

कथानकाविषयी थोडे सांगितले तरी पुरे. कॅप्टनपदावरच अडकलेला मॅव्हरिक प्रशालेत शिक्षक म्हणून परततो. त्याच्या शिष्यांत गूसचा मुलगा रूस्टर आहे. डोंगरांनी वेढलेल्या भूमिगत युरेनियम-संवर्धन केंद्राच्या चिमुकल्या तोंडावर लागोपाठ दोन अचूक आघात करावयाचे आहेत. १९७७च्या 'स्टार वॉर्स'ची ज्याला आठवण होणार नाही असा चित्रपटप्रेमी विरळा. तरुण वैमानिक म्हणजे टोपणनावे लावलेली शिरस्त्राणेच. रूस्टर वगळता एकाचाही स्वभाव ध्यानात राहत नाही. मॅव्हरिकची जुनी प्रेयसी चार्ली, म्हणजे केली मॅकगिलिस, या चित्रपटात नाही. पहिल्या चित्रपटात केवळ संभाषणातून कानी पडलेली पेनी येथे जेनिफर कॉनेलीच्या रूपाने अवतरते. नायक छत्तीस वर्षांनीही तोच असतो. नायिका मात्र बदलता येते. हा चित्रपटसृष्टीचा जुना हिशेब आहे, आणि त्याचे समर्थन स्मरणरंजनाच्या नावाने करता येत नाही.

पण या हिशेबाला छेद देणारे एक दृश्य चित्रपटात आहे, आणि ते नसते तर हा सारा खटाटोप केवळ आतषबाजी ठरला असता. आइसमन आता प्रशांत महासागरातील ताफ्याचा प्रमुख झाला आहे आणि मरणाच्या दारात आहे. ही भूमिका करणाऱ्या व्हॅल किल्मरला स्वतःला घशाचा कर्करोग झाला होता. उपचारांत त्याचा आवाज जवळजवळ गेला होता. पटकथेने हे झाकले नाही, उलट आजार आइसमनच्या पदरी घातला. आइसमन संगणकाच्या पडद्यावर वाक्ये उमटवितो, मॅव्हरिक बोलून उत्तरे देतो. अखेर आइसमन उठतो आणि घोगऱ्या, खरखरत्या आवाजात चार शब्द बोलतो. पहिल्या चित्रपटात दोघांमधील स्पर्धा प्रामुख्याने दातांची, खांद्यांची आणि गॉगलची होती. येथे एकाच्या चेहऱ्यावर काळाने जवळजवळ स्पर्शच केलेला नाही आणि दुसऱ्याचा कंठच काळाने नेला आहे. ते एकमेकांना आलिंगन देतात तेव्हा सभागृहात जी शांतता पसरते ती कथेने निर्माण केलेली नसते. प्रेक्षकाला ठाऊक असते की पडद्यावरचे हे नाटक फार थोडे आहे. एप्रिल २०२५ मध्ये किल्मर वारला. त्यानंतर हे दृश्य पाहणाऱ्याला चित्रपटातील अंत्ययात्रा आणि खरी अंत्ययात्रा यांतील सीमा पुसट झालेली आढळेल.

स्मरणरंजन हा शब्द मराठीत बहुधा किंचित तुच्छतेने उच्चारला जातो. भूतकाळाच्या सुरकुत्या काढून तो गुळगुळीत करणारे स्मरणरंजन त्या तुच्छतेला पात्रच आहे, आणि टॉम क्रूझच्या उघड्या छातीभोवती या चित्रपटानेही ते मुबलक पुरविले आहे. किल्मरच्या दृश्यात मात्र सुरकुती हाच विषय होतो. प्रेक्षक तेथे आपले तारुण्य शोधावयास गेलेला असतो आणि त्याला आपले वय भेटते. आश्चर्य हे की ही भेट त्याला कडू वाटत नाही.

उरतो प्रश्न शत्रूचा. १९८६ साली तो अनामिक होता, २०२२ मध्येही अनामिकच राहिला. त्याच्या वैमानिकांना चेहरे नाहीत, काळ्या काचा आहेत. तरीही चित्रपट एका ठिकाणी अजाणता सारे सांगून जातो. मोहिमेच्या अखेरीस विमाने गमावलेले मॅव्हरिक आणि रूस्टर शत्रूच्या तळावर शिरतात, आणि तेथे त्यांना जुने एफ-१४ टॉमकॅट सापडते. अमेरिकी नौदलाने हे विमान २००६ साली निवृत्त केले. अमेरिकेबाहेर ते एकाच देशाने घेतले होते. १९७९च्या क्रांतीपूर्वी शहाच्या इराणला अशी ७९ विमाने मिळाली होती. सुटे भाग तिकडे पोहोचू नयेत म्हणून अमेरिकेने आपल्या निवृत्त टॉमकॅटपैकी अनेक यंत्रात घालून चिरून टाकले. म्हणजे नायकाला आपले तारुण्य हवे असेल तर ते मायदेशी शिल्लक नाही. ते शत्रूच्या कोठारात आहे आणि चोरूनच आणावे लागते. पटकथाकारांना एवढा अर्थ अभिप्रेत होता की नाही, हा प्रश्न गौण आहे. चित्रपटात तो आहे.

२२ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या बी-२ विमानांनी इराणमधील फोर्दो आणि नतान्झ येथील अणुकेंद्रांवर हल्ला केला. फोर्दोचे केंद्र डोंगराच्या पोटात आहे. तीन वर्षांपूर्वी पॉपकॉर्नचा पुडा मांडीवर ठेवून पाहिलेले दृश्य वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर आले, तेव्हा त्या आनंदाचे काय करावयाचे, हा प्रश्न काही प्रेक्षकांना तरी पडला असेल. तो आनंद खोटा होता असे म्हणणे सोपे आहे. पण आवळलेली बोटे खरी होती. तो निष्पाप होता असे म्हणणेही तितकेच सोपे आहे. पण काळ्या काचांआड कोणीतरी होतेच. सविकल्प समाधीत स्वतःचे भान सुटत नाही, असे केळकरांचे म्हणणे. समोरच्याचे भान राहते किंवा कसे, याविषयी त्या कल्पनेत काही सांगितलेले नाही.

आपल्याकडेही २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे मिग-२१ विमानाला निरोप देण्यात आला. १९६३ पासूनची त्याची सेवा संपली. 'विजेता'तल्या अंगदचे विमान आता संग्रहालयांत आणि चौकांतल्या चबुतऱ्यांवर पाहावयास मिळेल.

टॉमकॅटच्या बाबतीत एक गोष्ट चित्रपट पाहून घरी आल्यावर कळते. सारे खरे असावे असा हट्ट धरणाऱ्या या चित्रपटात टॉमकॅट मात्र उडालेच नाही. उडू शकणारे एकही टॉमकॅट अमेरिकेत शिल्लक नव्हते. संग्रहालयातून मागून आणलेले एक विमान जमिनीवरील दृश्यांसाठी उभे करण्यात आले, आणि आकाशातील टॉमकॅट संगणकाने रचले. एफ-१८मधील प्रत्येक ओढलेला गाल खरा, आणि ज्यासाठी जुना प्रेक्षक चित्रपटगृहात गेला ते विमान आभासी. ते धावपट्टीवरून उठते, त्याचे पंख मागे सरकतात, आणि चित्रपटगृहाच्या मधल्या रांगांतून, केस पिकलेल्या माणसांच्या बाजूने, टाळ्या येतात.