पांढऱ्या पट्ट्या

मुलांनो, लंडनला जाऊन ॲबे रोड बघायचा असेल तर एक सांभाळा. ॲबे रोड नावाचं एक स्टेशन शहराच्या पूर्वेला आहे. तिथे उतरलात की फसलात! आपल्याला उतरायचंय सेंट जॉन्स वूड स्टेशनवर. तिथून थोडं चाललं, की रस्त्यावर पांढरे पट्टे दिसतात. साधं झेब्रा क्रॉसिंग, पण ते ओलांडायला जगभरातून माणसं येतात. ८ ऑगस्ट १९६९ रोजी बीटल्स या वाद्यवृंदाचे चौघे जण हे पट्टे ओलांडत होते, तेव्हाचा फोटो त्यांच्या 'ॲबे रोड' या तबकडीवर छापला गेला. चौघांतला पॉल मॅकार्टनी तर चक्क अनवाणी! २०१० सालापासून हे क्रॉसिंग संरक्षित वारसा आहे.

मीही ओलांडलं. मधोमध थांबून फोटो काढावा म्हटलं, तर मोटारवाल्याने असा हॉर्न दिला की पळालेच. शाळेत मुलांना वाहतुकीचे नियम शिकवणारी मी!

समोरच पांढरी इमारत आहे. हा स्टुडिओ १९३१ साली सुरू झाला. बीटल्सची बहुतेक गाणी इथलीच. आत सोडत नाहीत. बाहेरच्या भिंतीवर चाहते नावं लिहितात, ती भरली की रंग देतात, की पुन्हा नावं!

खरी मजा मात्र संध्याकाळी ताईच्या घरी आली. भावोजींकडे 'सार्जंट पेपर' ही १९६७ सालची तबकडी दोनदा आहे. एक मोनो, एक स्टिरिओ. मोनो म्हणजे सगळा आवाज एकत्र, आणि स्टिरिओ म्हणजे डाव्या-उजव्या कानाला वेगवेगळा. तबकडीच्या बारीक चराला दोन भिंती असतात. स्टिरिओत प्रत्येक भिंतीवर एकेका बाजूचा आवाज कोरलेला असतो. सुई एकच, पण ती दोन्ही भिंती वाचते.

"मग स्टिरिओच चांगली, नाही का?" मी म्हटलं. भावोजी हसले. त्यांनी 'शीज लीव्हिंग होम' हे गाणं आधी स्टिरिओवर लावलं, मग मोनोवर. मी रोज प्रार्थनेला पेटी वाजवते, त्यामुळे लगेच कान टवकारले. पट्टीच बदलली होती! स्टिरिओवर पांढरी तीन, मोनोवर पांढरी चार. मोनोवरचं गाणं जरा जलदही होतं. घर सोडून जाणाऱ्या मुलीचं ते गाणं. स्टिरिओवर ते रेंगाळतं, मोनोवर ती मुलगी खरंच निघाल्यासारखी वाटते.

गाणं तेच, मग असं का? त्या काळी इंग्लंडात बहुतेक घरांत मोनो यंत्रंच होती. त्यामुळे मोनोची जुळणी बीटल्सनी स्वतः बसून, जीव ओतून करून घेतली. स्टिरिओची जुळणी तंत्रज्ञांनी थोड्या दिवसांत, त्यांच्याशिवायच उरकली. आणि पुढे कित्येक वर्षं दुकानांत स्टिरिओच मिळत राहिली. चाहते दोन्ही तबकड्या शेजारी ठेवून ऐकत राहिले, वाद घालत राहिले. २०१७ साली नवी स्टिरिओ जुळणी झाली, तेव्हा या गाण्याची गती मोनोसारखी ठेवली गेली. तुम्ही घरी ऐकलंत तर पेटी जवळ घ्या आणि कोणती जुळणी आहे ते ओळखा.

(याच तबकडीवर एका गाण्यात दिलरुबा, तबला आणि तानपुरा आहेत बरं का!)

शेवटी भावोजी म्हणाले, "आता गप्प बसा." तबकडीच्या अगदी टोकाला एक फार बारीक शिट्टी कोरलेली आहे, म्हणे कुत्र्यांसाठी. भावोजींना काहीच ऐकू आलं नाही. मला अगदी पुसट. आठ वर्षांच्या भाचीने मात्र दोन्ही कानांवर हात ठेवले आणि ओरडली, "बंद करा ना ते!"

तेवढ्यात सुई शेवटच्या गोल चरात अडकली आणि एकच बडबड पुन्हा पुन्हा वाजू लागली. भावोजींनी उठून सुई उचलेपर्यंत आम्ही हसत होतो.