नावापुरती रेल्वे

नांदगाव खंडेश्वरचे आम्ही. शेजारचा तालुका चांदूर रेल्वे. गावाच्या नावात रेल्वे असली की तेथे गाडी थांबणारच, हा माझा बालपणीचा समज. तो मोडला धुळघाट रेल्वेने. हे गाव आमच्याच अमरावती जिल्ह्यात, पण पार मेळघाटच्या अरण्यात, धारणी तालुक्यात.

अकोला–खंडवा हा मीटरगेज मार्ग या अरण्यातून जाई. सातपुड्याचा चढ सरळ चढवेना, म्हणून धुळघाटजवळ रूळ गोल वळसा घेऊन स्वतःच्याच वरून पुढे नेलेले. कोरकू वस्त्यांतली माणसे याच गाडीने अकोटला, अकोल्याला उतरत.

२०१७ च्या आरंभी रुंदीकरणासाठी गाडी थांबली. पुढे व्याघ्र प्रकल्पातून ब्रॉडगेज नको, असा आग्रह झाला. २०२१ मध्ये मुख्यमंत्र्यांनीही केंद्राकडे पर्यायी मार्ग मागितला. २०२२ मध्ये अकोटपर्यंत नवी गाडी आली. त्यापुढचा मार्ग अरण्याबाहेरून, बुलढाण्याच्या बाजूने आखण्यात आला.

वाघांसाठी हे योग्यच, असे माझे मत. मात्र ते मी चांदूरच्या फलाटावर गाडीची वाट पाहत मांडतो आहे. धुळघाटच्या माणसाला मी ते कोणत्या तोंडाने सांगावे? त्याच्या गावाच्या नावात रेल्वे अजून आहे.