मच्छरदाणीची जाळी

धाकटी डहाणू हे मच्छीमारांचे गाव. तेथील किनाऱ्यावर ओली, जड जाळी ओढणारी माणसे पाहिली, की मला त्यांची काळजी वाटते. जड ओझे ओढून अंतर्गळ, म्हणजेच हर्निया, वाढू शकतो. स्नायूंतील कमकुवत जागेतून आतडे बाहेर येते. ते अडकले तर जिवावर बेतते. तरीही खर्चाच्या धास्तीने कितीतरी गरीब माणसे शस्त्रक्रिया लांबणीवर टाकतात.

धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा गावी डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी अनेक वर्षे अशाच गरिबांवर इलाज केला. ते शल्यविशारद, उर्दूत म्हणायचे तर जर्राह. कमकुवत जागी बसवायची जाळी फार महाग होती. त्यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले. २००३ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अनुभव प्रसिद्ध केला. पुढे युगांडा देशात अशा स्वस्त जाळीची चाचणी झाली. ती महागड्या जाळीइतकीच उपयोगी ठरल्याचे २०१६ साली जाहीर झाले.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी डॉक्टर होईल. तेव्हा रोग्याची नाडी पाहताना त्याची ऐपतही पाहा.