आजीचं भुयार

मुलांनो, पुण्याला आलात की शनिवारवाडा बघताच ना? उत्तरेकडचा तो भव्य दिल्ली दरवाजा, त्याच्यावरचे हत्तींना अडवणारे टोकदार खिळे! थोरल्या बाजीरावांनी १७३० साली वाड्याचा पाया घातला. १८२८ च्या आगीत आतले लाकडी महाल जळाले. उरली ती तटबंदी, दरवाजे आणि जोती. याच वाड्यापायी माझी एकदा फजिती झाली, तीच आज सांगते.

विकिपीडिया हा ज्ञानकोश तुम्ही घरच्या मोबाईलवर पाहिला असेल. तो २००१ साली इंग्रजीत सुरू झाला आणि २००३ मध्ये मराठीत आला. तो लिहायला पगारी लेखक नाहीत, बरं का! तुमच्या-आमच्यासारखी माणसं कामधंदा सांभाळून, एक पैसाही न घेता लिहितात. एखाद्या रस्त्याविषयी किंवा पुलाविषयी दोनच ओळी असल्या, की कुणी साल घालतं, कुणी फोटो चढवतं, कुणी नुसतं शुद्धलेखन सुधारतं.

मलाही हुरूप आला. 'शनिवारवाड्यातून थेट पर्वतीपर्यंत भुयार आहे,' असं वाक्य मी लिहून टाकलं. आजी सांगायची ना तसं! दोन दिवसांनी बघते तर वाक्य गायब! कुणा अनोळखी स्वयंसेवकानं ते काढलं होतं आणि चर्चेच्या पानावर नम्रपणे विचारलं होतं, 'याला संदर्भ काय?'

मला रागच आला. आजी आता नाही. तिचं बोलणंच कुणी पुसून टाकलं, असं वाटलं. पण वर्गात मीही रोज विचारतेच की, 'उत्तर कुठून आणलंस?' मग दोन रविवार ग्रंथालयात बसले. भुयाराची गोष्ट लोक सांगतात, एवढं कळलं. पण कुणी ते पाहिलं, मोजलं, असं काही मिळालं नाही. चर्चेच्या पानावर मी लिहिलं, 'संदर्भ नाही. चूक माझी.'

त्यानंतर आमच्या चौथीच्या वर्गाला घेऊन मी बाजीराव रस्त्यानं फिरायला निघाले. शनिवारवाड्यापासून थोडं चाललं की विश्रामबागवाडा लागतो. दुसऱ्या बाजीरावांनी तो बांधला. काम १८०७ च्या सुमारास पुरं झालं. त्याच्या सज्जाचे कोरीव लाकडी खांब बघत मुलं उभीच राहिली. पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये इथे संस्कृत पाठशाळा भरू लागली, हे ऐकून एकजण म्हणाला, "म्हणजे बाई, राजवाड्यात शाळा!"

पुढे मंडई. ही १८८६ साली सुरू झाली. तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणत. आता ती महात्मा फुले मंडई आहे. एका मुलीनं मधल्या मनोऱ्याला फेरी मारली आणि धापा टाकत आली. "बाई, आठ बाजू आहेत! मी मोजल्या. लिहू का?"

काय सांगणार? आपण मोजलं एवढंच तिथे पुरत नाही, प्रकाशित आधार लागतो. तिचा चेहरा पडला. पण फोटो तर देता येतो! तिनं सांगितलेल्या कोपऱ्यातून मी फोटो काढला, कुणालाही फुकट वापरायची मुभा देऊन चढवला. आणि आठ बाजूंचा उल्लेख असलेलं पुस्तकही आम्ही शोधलं.

तुम्हीही आपल्या गावची वेस, बारव, बाजारपेठ शोधून बघा. लेख आहे का? साल बरोबर आहे का? आई-बाबांना शेजारी बसवूनच लिहा. आपलं नाव, शाळा, पत्ता, फोन मात्र लिहायचा नाही!

आणि हो, लेखाच्या वर 'इतिहास पहा' अशी जागा असते. कुणी कधी काय बदललं, ते तिथे साठवलेलं राहतं. परवा मी तिथे डोकावले. माझं काढलेलं वाक्य जुन्या पानात तसंच होतं. भुयाराची गोष्ट मी वर्गात अजूनही सांगते. फक्त सुरुवात बदलली आहे, 'माझी आजी सांगायची, की...'