जुन्या जीपला किती ऑक्टेनचे पेट्रोल?

पेट्रोलचा ऑक्टेन क्रमांक म्हणजे त्यातली ताकद नव्हे. दाब आणि उष्णता वाढली तरी आपणहून न भडकता ठिणगीच्या ज्योतीची वाट पाहण्याची पेट्रोलची जी क्षमता, तिचे ते माप आहे. सिलिंडरमध्ये प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत पसरू लागते. ती पोहोचण्याच्या आत कडेचे मिश्रण स्वतःच पेटले, तर दाबाचा झटका बसतो आणि लोखंडावर हातोडीच्या टिचक्या माराव्यात तसा आवाज येतो. गॅरेजमध्ये यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. नॉकिंग फार दिवस चालू राहिले, की पिस्टनचा माथा आणि हेड गॅस्केट यांचे नुकसान ठरलेले.

हे माप १९२०च्या दशकात ठरले. त्यात आयसो-ऑक्टेनला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला ० धरतात. भारतात पंपावर सांगतात तो आकडा ‘रिसर्च’ पद्धतीचा, म्हणजे आरओएन. अमेरिकेत मात्र रिसर्च आणि मोटर या दोन पद्धतींची सरासरी लिहितात, त्यामुळे तिथले ८७ हे आपल्याकडच्या साधारण ९१ ते ९२ इतके असते. जुन्या जीपची किंवा शेवरोलेटची अमेरिकन पुस्तिका हाताशी असेल, तर हा फरक आधी ध्यानात घ्यावा.

गाडीला किती ऑक्टेन लागते, हे मुख्यतः कॉम्प्रेशनवर, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते त्यावर ठरते. आमच्या पांढुर्णा-सौंसरच्या संत्र्याच्या पट्ट्यात अजून कुठे कुठे चालत्या असलेल्या जुन्या पेट्रोल गाड्यांचे कॉम्प्रेशन आजच्या मानाने फार कमी आहे. महिंद्राने १९४७ पासून आपल्याकडे विलीज जीप जोडायला घेतली. त्यांच्याच उंच बॉनेटच्या सीजे-३बीमध्ये २१९९ सीसीचे हरिकेन इंजिन असते आणि त्याचे कॉम्प्रेशन ६.९ ला १. अँबॅसॅडरचे १४८९ सीसी आणि पद्मिनीचे १०८९ सीसी इंजिनही सात ते आठच्या दरम्यानच बसते. जुन्या पेट्रोल ट्रकांचीही तीच गत. मुंबईत जोडल्या गेलेल्या शेवरोलेट आणि डॉज-फार्गो ट्रकांची इंजिने कमी ऑक्टेनच्या इंधनासाठीच बांधलेली होती. १९५४ पासून टाटा-मर्सिडीजचे डिझेल ट्रक आले आणि माल वाहून नेण्यातून पेट्रोल हळूहळू हद्दपार झाले.

भारतात साध्या पेट्रोलचे ऑक्टेन आधी ८७-८८ होते, नंतर ते किमान ९१ झाले. म्हणजे पंपावरचे सर्वांत स्वस्त पेट्रोलसुद्धा या इंजिनांच्या गरजेपेक्षा वरचे आहे. ९५ किंवा १०० ऑक्टेन भरून ६.९ कॉम्प्रेशनच्या जीपची ओढ वाढत नाही. नव्या गाड्यांत नॉक सेन्सर असतो. तो चांगले इंधन ओळखून ठिणगीचे टायमिंग पुढे नेतो, म्हणून काही नव्या गाड्यांना महाग पेट्रोलाचा थोडा फायदा मिळतो. जुन्या डिस्ट्रिब्युटरला यातले काही कळत नाही. इंडियन ऑइलचे १०० ऑक्टेनचे एक्सपी-१०० डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीत १६० रुपये लिटरने निघाले. ते ज्यांच्यासाठी आहे त्या गाड्या वेगळ्या.

मग कमी कॉम्प्रेशनचे इंजिन नॉक का करते? आमच्या घरच्या सीजे-३बीने हा प्रश्न सोडवून दाखवला. सौंसरहून छिंदवाड्याकडे जाताना सिलेवानीचा घाट लागतो. मे महिन्याच्या उन्हात, पाठीमागे माल आणि गाडी वरच्या गिअरमध्ये, अशा वेळी इंजिन टिकटिकू लागे. प्रीमियम पेट्रोल भरून पाहिले. आवाज कमी झाला, पण गेला नाही. सौंसरच्या मिस्त्रींनी बॉनेट उघडले आणि म्हणाले, “भाऊ, पेट्रोलले कायले दोष देता? पयले टायमिंग पाहू.”

त्यांची पद्धत जवळून पाहण्यासारखी होती. एका लहान बल्बची एक तार डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटकडे जाणाऱ्या टोकाला लावली, दुसरी बॉडीला. प्लग काढून हँडलने इंजिन सावकाश फिरवले आणि टायमिंगच्या खुणेवर, टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर असतो त्या बिंदूच्या) ५ अंश आधी, थांबवले. मग डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून तो केसभर केसभर फिरवला. पॉइंट उघडतात त्याच क्षणी बल्ब पेटतो. आमच्या गाडीत खूण येण्याच्या बरेच आधी तो पेटत होता, म्हणजे ठिणगी लवकर पडत होती. पॉइंटमधले अंतर आधी २० थाऊ (इंचाचे २० हजारांश) करून घ्यायचे, मगच टायमिंग लावायचे, हा क्रम त्यांनी मोडू दिला नाही. हेड उतरवल्यावर पिस्टनवर कार्बनचा जाड थरही निघाला. कार्बन जागा व्यापून कॉम्प्रेशन वाढवतो आणि तापून लाल झाला की मिश्रण पेटवतो. तो खरवडला, टायमिंग बसवले, आणि त्याच घाटात, तशाच उन्हात गाडी साध्या पेट्रोलवर विनातक्रार चढली. ऊन, जड माल आणि कमी वेगात वरचा गिअर या तिन्हींनी ऑक्टेनची गरज वाढते. घाटात एक गिअर खाली घेतला, तरी बराच फरक पडतो.

शिशाचा प्रश्न यापेक्षा वेगळा आहे. १९२३ पासून पेट्रोलमध्ये टेट्राइथाइल लेड घालून ऑक्टेन वाढवत. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, आणि माणसांच्या, विशेषतः मुलांच्या, आरोग्यासाठी ते फार आधी व्हायला हवे होते. शिसे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर पातळ थर धरून तिची झीज रोखत असे. ज्या इंजिनांत सीट बिडाच्या हेडमध्येच कातलेली असते, तिथे लांब पल्ल्यावर सतत भरधाव चालवल्यास सीट खचते आणि टॅपेटची फट कमी होत जाते. यावर महाग पेट्रोल हा उपाय नाही. पुढच्या वेळी हेड उतरेल तेव्हा कडक धातूच्या सीट बसवून घ्याव्यात, तोवर टॅपेट तपासत राहावे.

आज जुन्या गाडीच्या मालकाने ज्याची काळजी घ्यावी ते ऑक्टेन नव्हे, इथेनॉल. देशातले मिश्रण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉलचे स्वतःचे ऑक्टेन १०८च्या आसपास असल्याने मिश्रणाचे ऑक्टेन उलट वाढते. पण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. जुना कार्बुरेटर आपला जेट स्वतः बदलत नाही, त्यामुळे मिश्रण पातळ होते आणि इंजिन जास्त तापते. एक लिटर इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश, म्हणून ॲव्हरेजही घसरते. जुने रबर फुगते, पंपाचा पडदा मऊ पडतो, टाकीतला गंज सुटून फिल्टरमध्ये येतो. आमच्या जीपच्या पंपाखालच्या काचेच्या वाटीत तपकिरी गाळ दिसू लागला, तो याच काळात. उन्हाळ्यात व्हेपर लॉकचा, म्हणजे नळीतच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटण्याचा, त्रासही वाढला. पंपावर ओले फडके ठेवून गाडी पुढे काढावी लागली.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, हे घरी पाहता येते. काचेच्या मोजपात्रात १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घेऊन हलवावे आणि स्थिर होऊ द्यावे. इथेनॉल पाण्यात उतरते. खालचा थर २८ मिलीच्या आसपास गेला, तर मिश्रण २० टक्क्यांचे. हे काम मोकळ्या जागी, आगीपासून लांब करावे, आणि असे धुतलेले पेट्रोल परत टाकीत घालू नये: इथेनॉल गेले की ऑक्टेनही खाली येते आणि पाण्याचा अंश मागे राहतो.

तेव्हा कॉम्प्रेशन आठच्या खाली असेल तर साधे पेट्रोल भरावे. हेड घासून किंवा पिस्टन बदलून ते नऊच्या वर नेले असेल, तरच ९५चा विचार करावा. महाग पेट्रोल न भरता वाचलेले पैसे इथेनॉल सोसणाऱ्या रबरी नळ्या, पंपाचे नवे किट आणि जरा मोठा जेट यांवर लावावेत. पावसाळ्यात वाडीवरची गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर टाकी अर्धी ठेवू नका. मोकळ्या जागेतल्या दमट हवेतून पाणी शिरते आणि इथेनॉलसकट तळाशी बसते. एक तर टाकी काठोकाठ भरा, नाहीतर पूर्ण रिकामी करून कार्बुरेटरही कोरडा होईपर्यंत इंजिन चालवा.